बकुळचा आवाज

राणीच्या राज्यातली गोष्ट. काशीत बालाजी घाटावर राहणाऱ्या कालिंदीची लेक बकुळ पटकीच्या साथीत गेली. पोर रोज स्वप्नात यायची, पण जाग आली की कालिंदीला काही म्हणून आठवेना.

दीर ढुंढिराज म्हणाले, "वहिनी, उठल्याबरोबर तुम्ही गंगेचं स्तोत्र सुरू करता, तिथंच स्वप्न निसटतं. आधी वहीत लिहा."

"आणि गंगामाई रुसली तर?"

"तिला रुसायला सवड कुठाय!"

कालिंदी मोडक्यातोडक्या अक्षरांत लिहू लागली. आधी नुसता परकर आठवला, मग वेणी, आणि एका पहाटे आवाजसुद्धा: "आई, पाणी दे ना."

वैद्यांनी मना केलं होतं, म्हणून शेवटच्या दिवशी तिनं पाणी दिलं नव्हतं.

तरी रात्री तिनं वही उशाशी ठेवलीच. आवाज लेकीचा होता ना!