रुईच्या पानाचा चीक

आईचा डावा डोळा माझ्यामुळे अधू झाला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी समोर बसवून सरळ विचारलं होतं, तेव्हा त्यांनाही नाही. घरात सगळे धरून चालतात की बायकोच्या हाताने काहीतरी झालं, आणि मी त्यांना तसं धरू देतो.

आईचे गुडघे जुने दुखणाईत. मुंबईतली खोली विकून आम्ही मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये आलो तेव्हा इमारतीला लिफ्ट आहे ना, एवढंच तिने विचारलं होतं. गोळ्यांवर तिचा विश्वास नाही. तिचा विश्वास रुईच्या पानावर. कोकणात तिच्या माहेरी गुडघा सुजला की रुईचं पान बांधत, पायात काटा मोडला की त्या जागेवर चीक लावत. पोटात मात्र कुणी घेत नसे. "पोटात गेली तर विष आहे ती," असं ती आम्हाला लहानपणीच सांगून ठेवायची.

पान मी आणायचो. पेणकरपाड्याच्या बाजूला एक बांधकाम अर्धवट राहिलंय, त्याच्या पत्र्यांना लागून रुई माजलेली आहे. भाईंदर पूर्वेला शनिवारी मारुतीसाठी रुईच्या माळा मिळतात, पण त्या आईला चालत नाहीत. "त्या देवाला. गुडघ्याला आपलं झाडावरचं ताजं पान."

पान तयार करायची तिची रीत ठरलेली होती. कोवळं खुडायचं नाही, त्यात चीक जास्त; जून, पिवळसर झालेलं घ्यायचं. खुडताना तोंड बाजूला. देठ खाली करून धरायचं, दुधासारखा चीक गळून थांबेपर्यंत. मग वाहत्या पाण्यात दोन्ही बाजूंनी धुवायचं, पुसायचं, तिळाचं तेल लावून तव्यावर मऊ पडेपर्यंत शेकायचं. मनगटाला लावून बघायचं, चटका बसत नाही ना. कातडी फुटलेली असेल तिथे बांधायचं नाही, खाज सुटली तर लगेच सोडायचं. आणि शेवटी हात. साबणाने, नखांच्या कडांसकट. "रुईचा हात डोळ्याला लागला तर डोळा जातो. दुखत पण नाही मेलं, म्हणून कळत नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते ऐकू यायचं बंद झालं होतं.

डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला त्याच आठवड्यात गुडघ्याचं दुखणंही उठलं. थेंबांचं सगळं बायकोकडे होतं. ती वेळेवर, हात धुऊन, आईची पापणी खाली ओढून थेंब घालायची, आणि आई दर वेळी म्हणायची, "हळू गं, डोळा आहे तो, लिंबू नाही." बायको हसायची. तेव्हा त्या दोघींचं बरं चाललं होतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण आता कुणाला ते खरं वाटणार नाही.

त्या संध्याकाळी बायको खाली भाजी आणायला गेली होती. मी घाईत कोवळं पान आणलेलं, चीक नीट गळू दिला नव्हता. शेकून बांधलं. आई तेवढ्यानेच सुस्तावली, तिचा डोळा लागला. नळाला पाणी नव्हतं. बादलीत होतं, न्हाणीघरात. पण ऑफिसचा फोन आला आणि मी तो खांद्याला दाबून हात पंच्याला पुसले. बोटं कोरडी वाटली. समोर थेंबांची बाटली दिसली, वेळ झाली होती. बायकोचा भार हलका करावा म्हणून मी तशाच हाताने आईची पापणी ओढली आणि थेंब टाकला. आई झोपेत फक्त कण्हली. मी फोनवर बोलत गॅलरीत गेलो.

थोड्या वेळाने बायको आली, तिने हात धुतले, आईला उठवून नेहमीसारखे थेंब घातले. मी आधीच घातलेत, हे तिला सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. फोन चालूच होता.

रात्री आई म्हणाली, डोळ्यापुढे धुकं आलंय. सकाळी डोळा लाल होता, आणि खिडकीचे गज तिला दिसत नव्हते. दुखत नव्हतं.

"काल हिने मिरच्या चिरल्या असतील," आई रिक्षात म्हणाली. बायको बाजूला बसलेली असताना.

"आई, मी मिरच्या चिरल्याच नाहीत काल. आणि हात धुतले होते मी."

"मग काय मीच चोळला माझा डोळा?"

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी डोळा तपासला. बराच वेळ तपासला. मग आम्हा दोघांकडे बघून विचारलं, "डोळ्यात बाहेरचं काही गेलं का? चुना, घरगुती औषध, एखाद्या झाडाचा चीक?" मी माझ्या उजव्या अंगठ्याकडे बघितलं. नखाच्या कडेला काळपट, रबरासारखं काहीतरी चिकटून सुकलं होतं. मी मूठ मिटली.

"नाही," मी म्हणालो.

बाईंच्या नजरेत मला संशय दिसला. तो माझ्यावर होता असं मला वाटलं, पण त्या बायकोला म्हणाल्या, "थेंब तुम्ही घालता ना? हात स्वच्छ असतात?" आणि बायकोचा चेहरा उतरला.

डोळा पुरता गेला नाही. नवी औषधं झाली, धुकं थोडं विरलं, बाकीचं राहिलं. खरं सांगितलं असतं तर फरक पडला असता का, हे मला ठाऊक नाही. विचारायची हिंमत झाली नाही. विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं.

त्यानंतर घरातलं सगळं बदललं. आई बायकोच्या हातचं पाणीसुद्धा वास घेऊन प्यायला लागली. बायकोने आधी औषधाच्या दुकानात जाऊन बाटलीवरून भांडण केलं, तिला वाटलं बाटलीच खराब असणार. मग तिचा स्वतःवरच संशय बसला. ती कोपरापर्यंत हात धुते, पुसते, वास घेते, परत धुते. मला एकदा म्हणाली, "अहो, त्या दिवशी भाजीवाल्याकडे मी सुरणाला हात लावला होता का हो? मला आठवतच नाहीये." मी म्हणालो, नसशील लावला. नसशील! एवढंच मी तिला दिलं.

तिला कळलंय, असा मला संशय येतो. ती माझ्या हातांकडे बघते असं वाटतं. इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा शेजारी मध्यंतरी त्याच्या आईच्या गुडघ्यासाठी पान बांधायची रीत विचारायला आला होता. मी त्याला हात धुण्याबद्दल इतकं सांगत राहिलो की तो म्हणाला, "अंकल, पत्ता बांधना है के ऑपरेशन करना है?" तो हसला. स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती, ती हसली नाही. तेव्हापासून मी रुई आणणं बंद केलंय. आईला सांगितलं, झाडं तोडली. ती अजून तिथेच आहेत.

आता आईच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय. तिला ताटातली भाजी कुठली ते चाचपून बघावं लागतं. डॉक्टर म्हणतात, उशीर करू नका. आई ऑपरेशनला तयार नाही.

"एक घालवला, आता दुसरा पण घालवू?" ती म्हणते. "थेंब कोण घालणार? हीच ना?"

"मी घालीन," मी म्हणालो.

"तू घातलास तर माझी काही तक्रार नाही रे बाबा. पण तू दिवसभर ऑफिसात. मागून हिचा हात लागणार नाही कशावरून?"

काल जेवणं झाल्यावर बायको माझ्याशेजारी येऊन बसली. आवाज अगदी साधा होता. "मी महिनाभर माहेरी जाऊन राहते. माझी सावली घरात नसली की त्या हो म्हणतील. तुम्ही रजा टाका, त्यांचं ऑपरेशन उरकून घ्या."

"असं कसं जाशील?"

"मग काय करू? त्यांचा डोळा आहे. आणि खरं सांगू, माझाच मला भरवसा वाटत नाही आता."

क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. ती गेली तर आई तयार होईल, ऑपरेशन होईल, मी नीट हात धुऊन थेंब घालीन आणि सगळं निभावेल. माझं निभावेल. ती माहेरी जाईल ती आयुष्यभराचा ठपका घेऊन, आणि आई माझ्याच बोटांपुढे निर्धास्त डोळा उघडेल.

तिने बॅग कपाटावरून खाली काढून ठेवलीय. ती अजून रिकामी आहे.

आईला बायकोसमोर सांगायचं आहे, की त्या संध्याकाळी रुईचा चीक माझ्या बोटाला होता आणि तेच बोट तुझ्या डोळ्याला लागलं. डॉक्टरबाईंनाही तेच, दुसऱ्या डोळ्याला हात लावण्याआधी. आणि माफी मागायची आहे ती आधी बायकोची. एवढं माझ्याकडे बाकी आहे.