बँडच्या सवडीचं लग्न

माझ्या लग्नाची तारीख बँडवाल्यानं काढली. आमच्या बौद्ध घरांत मुहूर्त पाहत नाहीत, त्यामुळे जो तो रविवार धरतो; सुट्टी असते, माणसं येतात. पण कामरगावकडच्या त्या बँडचे उन्हाळ्यातले सगळे रविवार गेलेले होते. मोकळा होता एक गुरुवार. मुलीकडच्यांना मी सांगितलं, हॉल त्याच दिवशी मिळतोय. चक्क थाप.

वडिलांना खरं कळलं तेव्हा ते म्हणाले, "बँडवाल्याच्या सवडीनं लगन करून राह्यला का रे? येडा झाला का?"

झालोच होतो. सहा वर्षं त्या बँडपायी मी ओळख ना पाळख अशा लोकांच्या वरातींमागे मोटारसायकल घेऊन फिरत होतो. रेकॉर्डिंग करून ऑफिसच्या, भावकीच्या, शाळेच्या ग्रुपवर टाकत होतो. एका ग्रुपनं मला काढून टाकलं, दुसऱ्यातून मीच रुसून बाहेर पडलो. गंमत म्हणजे, या बँडमध्ये असं आहे तरी काय, हे मलाच सांगता येत नव्हतं. गाणी तीच, जी सगळे वाजवतात. कपडे इतरांपेक्षा मळकेच. तरी त्यांचा आवाज आला की हातातलं काम टाकून मी निघायचो. दुसऱ्या बँडांची रेकॉर्डिंग शेजारी लावून ताडून पाहिली. काही हाती लागलं नाही.

लग्नात बायकोनं त्या बँडला धड ऐकलंच नाही. वरात आली तेव्हा ती आत तयार होत होती. आठवड्यानं चुलतभावानं चहा पिता पिता गुरुवारचं गुपित फोडलं. तिनं कप खाली ठेवला.

"माही मैत्रीण अकोल्याले बँकेत हाय. तिले गुरुवारी रजा भेटली नाही," ती मला म्हणाली. "शाळेत होतो तवापासून ठरलं होतं, ती माह्या बाजूले उभी राहीन म्हणून. अन् तुमी बाजा पाहून तारीख काढली?"

मला खूप लाज वाटली. दोन दिवस ती कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, "दाखवा मले तो बँड. पाहू तरी, कायले एवढं."

इंझोरीला एका लग्नात ते वाजवणार होते. आम्हाला बोलावणं कुठलं! रस्त्याकडेच्या टपरीजवळ उभे राहिलो. वरात आली. मी बँडकडे कमी आणि तिच्या तोंडाकडे जास्त पाहत होतो. हिला काहीच वाटलं नाही, तर हिच्या मैत्रिणीला मी लग्नाला मुकवलं ते उगीचच. तिनं कपाळाला आठ्या घालून दोन गाणी ऐकली.

"तो क्लॅरिनेटवाला बुढा मागून काहून येते?"

मी नीट कान दिला. खरंच की. सगळे पुढे गेले की त्याचा सूर एक श्वासभर उशिरा यायचा, आणि गाणं क्षणभर वाट पाहिल्यासारखं वाटायचं. सहा वर्षं मी हेच ऐकत होतो. तिला ते दोन गाण्यांत सापडलं.

वरात पाणी प्यायला थांबली तशी ती सरळ त्या म्हाताऱ्याकडे गेली. "बाबा, तुमी मागून काहून वाजवता?"

तो हसला. ती काय विचारतेय ते तिच्या ओठांवरून त्याला कळलं असावं. "कान गेले, पोरी. ढोलवाल्याचा हात पाहातो, मंग फुंकतो."

बँड पुन्हा सुरू झाला तेव्हा तिनं मैत्रिणीला फोन लावला आणि हात लांब करून म्हाताऱ्याच्या दिशेनं धरला. गाणं संपेपर्यंत धरून ठेवला. मग फोन कानाला लावला.

"आयकलं? ह्याच्यापायी तू माह्या लग्नात नव्हती."