मास्तरांच्या डोळ्यांतला पिवळा

गिऱ्हाईक भिंतीचा ढलपा घेऊन यायचं आणि रंगमास्तर अगदी त्याच रंगाचा डबा बनवून द्यायचे. दुकानातल्या यंत्रावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पुठ्ठ्यावर फटकारा मारायचा, सुकू द्यायचा आणि दारात, उजेडात नेऊन बघायचा. ओला रंग खोटं बोलतो, असं ते ज्याला त्याला ऐकवत.

अशा माणसापासून घरच्यांनी त्याचीच कावीळ लपवायला घेतली, आता काय बोलायचं. डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं होतं: कॅन्सर आहे, त्याने पित्तनळी बुजलीय. तिने घरातले पांढरे दिवे काढून पिवळे लावले. त्यात सगळेच पिवळे दिसणार, हा तिचा भाबडा हिशेब. मास्तर घरात शिरले, पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं आणि मुकाट जेवायला बसले. पितळ उघडं पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी आजार सांगितला आणि उपचार समजावला. चिरफाड नाही. भूल देऊन तोंडातून दुर्बीण घालायची, नळीत बारीक तार न्यायची, तिच्या टोकाच्या उष्णतेने आत वाढलेलं जाळायचं आणि वाट उघडी राहावी म्हणून जाळीची नळी बसवायची.

"म्हणजे मी बरा होणार?"

"कॅन्सर जाणार नाही. कावीळ उतरेल, खाज थांबेल, पुढची औषधं सोसतील. वाट पुन्हा बुजू शकते. थंडीताप भरायच्या आत आलात तर बहुतेक पुन्हा मोकळी करता येईल. पिवळेपणा परत येतोय का, यावर घरात कुणाची तरी नजर हवी."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. आरशात माणूस आपल्याला हवं तेच बघतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नजर तिचीच लागणार होती, आणि ती तर दिवे बदलणारी बाई.

उपचार झाला, पिवळेपणा उतरला. ते रोज सकाळी दुकानाच्या दारात उभे राहून खालची पापणी ओढत आणि तिला विचारत. ती रोज म्हणे, "छान दिसताय."

"अगं, छान हा रंग नाही," मास्तर वैतागले. "आहे ते सांग."

मग त्यांनी तिला गिऱ्हाइकांचे पुठ्ठे बघायला बसवलं. पांढऱ्यात पिवळ्याचा थेंब पडला की काय होतं, ते ती शिकली. कुरकुरत शिकली, पण शिकली.

एका सकाळी तिने त्यांची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि बघतच राहिली. नेहमीचं उत्तर अगदी ओठांवर आलं होतं.

"आलंय," ती म्हणाली. "कालच्यापेक्षा जास्त आहे." आणि तिथेच, डब्यांच्या मध्ये, तिला रडू कोसळलं.

मास्तरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिचं रडणं ओसरल्यावर दुकान बंद केलं.

डॉक्टरांनी तपासलं, रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, "बरं झालं, वेळेवर आलात."

"मी कसला येतोय," मास्तर म्हणाले. "हिने आणलं मला."