रशियाचा माणूस चंद्रावर

आज पेपर उघडला तर पानभर बातमी होती: चंद्रावर आता माणूस आधी कोण उतरवणार, अमेरिका की चीन? शाईच्या वासाने नायगावच्या चाळीतली गॅलरी आठवली.

बाबा गिरणीत विणकर, लाल बावट्याचे. चंद्रावर पहिला रशियाच पोचणार, असं त्यांनी अख्ख्या खात्याला सांगून ठेवलं होतं. तेव्हा ऑपरेशनमुळे त्यांच्या डोळ्यांवर पट्टी होती, म्हणून रोज मी पेपर मोठ्याने वाचायचे. शेजारीही ऐकायला बसत. त्या सकाळी पहिल्या पानावर अमेरिका होती. मी वाचलं, "रशियाचा माणूस चंद्रावर."

मग शेजारचे सावंतकाका म्हणाले, "जिंकलास रे तू."

"रेडिओ मीपण ऐकलाय, सावंत," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "छापलंय ते वाच, पोरी."

तेव्हा मला ते चिडलेले वाटले. बातमीदारीत जन्म गेल्यावर आता तसं वाटत नाही. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. अमेरिकेचं नाव आलं, बाबांनी अडवलं नाही. चंद्रावरच्या मातीचं वर्णन मात्र त्यांनी तीनदा वाचायला लावलं.