मावशीला काटा लागला नव्हता

“काटाबिटा काही नाही, डीव्हीटी आहे,” सोनोग्राफी करता करता डॉक्टर मॅडम म्हणाल्या. डीप व्हेन थ्रॉम्बोसिस, म्हणजे पायाच्या खोल शिरेत रक्ताची गाठ. ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस बसल्या जागी जातो.

आणि माझ्या मांडीला तेव्हा लुगड्याची पट्टी करकचून बांधलेली! आम्ही धाकट्या डहाणूचे, मासे निवडणारे. पाय सुजला की शिंगाळा माशाचा विषारी काटा लागला, हे ठरलेलं. विष वर चढू नये म्हणून पट्टी आवळायची आणि पाय कढत पाण्यात बुडवायचा. चार दिवस माझा पाय असा शिजवला. काटा कुठे टोचलाय हे कुणी पाहिलंच नाही. बारावी शिकलेल्या मीसुद्धा नाही. आठवलं की अजून डोकं फिरतं.

“घरात आणखी कुणाला असं झालंय?” मॅडमनी विचारलं. आई म्हणाली, “नाय.”

सहा महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतल्या. त्या चालू असताना कारण शोधता येत नाही, निकाल फसतो. म्हणून गोळ्या थांबवून रक्त मुंबईला पाठवलं. २०१७ साली रिपोर्ट आला: प्रोटीन एस कमी. रक्त गोठण्याला आवर घालणारा हा पदार्थ. “हे बहुतेक आईवडिलांकडूनच येतं,” मॅडम म्हणाल्या.

माझी धाकटी बहीण रंजू तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. तिचंही रक्त तपासा, मी म्हटलं.

“गरोदरपणात प्रोटीन एस तसंही उतरतं, त्यावरून काही ठरवता येत नाही,” मॅडम म्हणाल्या. “ घरात असं कुणी गेलंय का, नीट विचारून या. त्यावर तिला गाठ होऊ नये म्हणून इंजेक्शनं द्यायची का, ते ठरवू.”

घरी आले तर आई ओट्यावर बोंबील निवडत बसलेली.

“शेवंता गेली ना माजी बहीन,” ती म्हणाली. “बाळंतपनाला बारा दिवस झालेले. पाय सुजला, मग दम लागला. पन तिला काटा लागलेला.”

माझा संताप अनावर झाला. “बारा दिवसांची बाळंतीण खाटेवरून उतरत नव्हती, आई! तिला काटा लागला कुठे?”

आईने हातातला बोंबील खाली ठेवला. एवढ्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता.

एकच पाय सुजला, पोटरी दुखायला लागली, तर बांधू नका, चोळू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. आणि घरात कोण कशाने गेलं, ते खरं सांगा.

दुसऱ्या दिवशी रंजूला घेऊन गेलो. मॅडमनी तोच प्रश्न विचारला. मी तोंड उघडायच्या आत आई पुढे झाली.

“लिवा. माजी बहीन शेवंता. तिला काटा नव्हता लागला.”