व्हरांड्यात बसवलेला माणूस

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत मी टेलिप्रिंटर चालवायची. मुंबईच्या मुख्य कचेरीशी आमची थेट लाइन होती. तिकडे कोणी टाइप केलं की इकडे माझ्यासमोर कागदावर अक्षरं उमटायची. तिकडच्या ऑपरेटरला मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचा हात ओळखायची. तो भरभर टाइप करायचा आणि पूर्णविरामाआधी हमखास अडखळायचा. बदली माणूस बसला तर मला पहिल्या ओळीतच कळायचं. काम संपलं की तो विचारायचा, आज नागपूरचं ऊन किती? मी कळवायची. ओळख ती एवढीच.

मग एका एप्रिलमध्ये संकेतयंत्र आलं. टेलिप्रिंटर आणि लाइन यांच्यामध्ये बसवायची ती एक जड लोखंडी पेटी होती. तिच्यात भोकं पाडलेल्या कागदी पट्टीचं रीळ घालायचं. अगदी तसंच रीळ मुंबईच्या पेटीत. आपला मजकूर त्या भोकांत मिसळून निरर्थक अक्षरं होऊन जायचा, आणि तिकडे जोडीच्या पट्टीतून गेला की पुन्हा वाचता यायचा. मधल्यामध्ये कोणी लाइन ऐकलीच, तर त्याच्या हाती काही लागू नये म्हणून हे सगळं. काम सुरू करताना दोन्ही टोकांनी त्या दिवसाचा ओळखशब्द एकमेकांना पाठवायचा. सोबत परिपत्रकही आलं. यंत्राच्या खोलीत येणाऱ्या बाहेरच्या माणसाकडे यापुढे नव्या नमुन्याचं ओळखपत्र हवं, त्यावर फोटो हवा आणि फोटोवर अर्धा उमटलेला शिक्का.

फिटर पेटी बसवून गेला आणि दुसऱ्या दिवसापासून मुंबईचा मजकूर माझ्याकडे नुसता कचरा होऊन यायला लागला. मी पाठवलेलंही तिकडे तसंच पोचत होतं. ओळखशब्दसुद्धा जुळेना. त्यात आता मजकूर आधी दुसऱ्या एका कोऱ्या पट्टीवर भोकं पाडून उतरवायचा आणि मशीननंच पाठवायचा होता. एकसारखी टकटक. कोणाचा हात म्हणून राहिला नाही. ती टकटक ऐकत बसलं की मला वाटायचं, पलीकडे तोच आहे कशावरून? नाहीतर कोणी भलताच असेल. साहेब दर थोड्या वेळानं डोकावून विचारायचे, "लागलं का?" मी नकारार्थी मान हलवायची.

घरी काही बोलायची सोय नव्हती, तशी ताकीदच होती. आई म्हणायची, "काहून वं, नुसता भात चिवडून राहिली? कोनी काही बोललं का तुले?" मी म्हणायची, काही नाही, ऊन लागलं.

एका सकाळी एक माणूस सुटकेस घेऊन व्हरांड्यात आला. किरकोळ अंगाचा, रात्रभराच्या प्रवासानं चुरगळलेला शर्ट. त्यानं मला माझा हुद्दा सांगून विचारलं, "त्या तुम्हीच ना? मी पलीकडचा. रोज तुमच्याशी बोलतो तो." पेटीत काय बिघडलंय ते बघायला त्याला पाठवलं होतं.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. मग ओळखपत्र मागितलं. त्यानं दिलं ते जुन्या नमुन्याचं निघालं. नाव, हुद्दा, सही. फोटो नाही.

"नवी अजून छापून आली नाहीत आमच्याकडे," तो म्हणाला.

"मग मला तुम्हाला आत सोडता येणार नाही."

त्याला एक ओळ टाइप करायला लावली असती तर मला तेव्हाच कळलं असतं. पण मशीन आत आणि तो बाहेर. साहेब मीटिंगला गेले होते. काही सुचेना म्हणून मी विचारलं, "आजचा ओळखशब्द सांगा."

त्याचा चेहरा बदलला. आवाज खाली आणून तो म्हणाला, "तो शब्द मी असा व्हरांड्यात उभा राहून बोलणार नाही. तुम्हीही विचारायला नको होता."

माझ्या कानशिलांवर गरम झालं. हे उत्तर खऱ्या माणसाचंच, असं आतून वाटलं. पण असं उत्तर शिकून येणाराही असेल की! मी त्याला बाकावर बसायला सांगितलं आणि मुंबईला अर्जंट ट्रंक कॉल लावला. त्यानं एक नंबर सांगितला होता. तो मी घेतला नाही, आमच्या यादीतला घेतला.

कॉल लागेना. मी खिडकीशी जायची, परत टेबलाशी यायची. व्हरांड्यात झळा यायला लागल्या. आमचा शिपाई मौद्याकडचा, वयानं मोठा. तो आत आला. "मॅडम, काहून बसवून ठेवलं त्याले? लाल होऊन राहिला ना तो. पानी तरी देऊ?"

"पाणी द्या ना. पण आत नका सोडू."

साहेब आले, तेही तेच म्हणाले. "अहो, मुंबईचा माणूस आहे. घ्या आत."

"घेते, सर. तेवढं लिहून द्या."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि केबिनमध्ये जाऊन पंखा मोठा केला.

दुपारी कॉल लागला. तिकडच्या अधिकाऱ्यानं सांगितलं, पाठवलंय खरं. हनुवटीखाली जुन्या टाक्यांची खूण आहे, बघून घ्या. मी बाहेर गेले आणि म्हटलं, "जरा मान वर करा." तो क्षणभर गोंधळला. मग दाढी करायला बसल्यासारखी त्यानं हनुवटी वर केली. खूण होती. मला हसूही येईना आणि सॉरीही म्हणता येईना.

आत आल्यावर त्यानं आमची पेटी उघडली, रीळ पाहिलं, पट्टीवरचा बाण पाहिला आणि स्टुलावर बसून राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुमचं बरोबर आहे."

त्यानं मुंबईला फोन लावून घेतला आणि तिकडच्या सोबत्याला सांगितलं, "रीळ काढ. बाण कुठल्या बाजूला आहे? ... हं. उलटं गुंडाळून परत घाल, शेवटाकडून चाललंय ते." फोन ठेवून तो मला म्हणाला, "मीच बसवलं होतं. रात्रभर गाडीत बसून आलो हे कळायला."

थोड्या वेळानं पेटी घरघरली आणि कागदावर ओळखशब्द स्वच्छ उमटला. साहेबांनी चहा मागवला. तो दोन घोटांत पिऊन संध्याकाळच्या गाडीला निघाला. जाताना म्हणाला, "बसवून ठेवलंत ते बरोबरच केलंत. पण राग आला होता मला."

"येणारच," मी म्हटलं.

नंतर लाइन सुरळीत चालली. त्याचं काम पुढे कधीतरी बदललं. कधी ते मला मशीनवरून कळायला मार्ग नव्हता, साहेबांच्या बोलण्यातून सहज कळलं. त्यानंतर बरेच दिवस शब्द जुळला तरी मी एकदा जास्तीचा पडताळून बघायची.

दरम्यान नव्या ओळखपत्रांचा हुकूम आम्हालाही आला. मी सीताबर्डीच्या एका स्टुडिओत गेले. फोटोग्राफर काळ्या कापडाआडून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "हलू नका, मॅडम." तरी पहिला फोटो हललेलाच आला. दुसऱ्यांदा जावं लागलं.