तेरा अक्षरं जास्त

थडग्यांचे दगड घडवणाऱ्या त्या माणसाच्या दुकानात, मागच्या खोलीतल्या फळीवर पाच बायबलं होती. पाचही इंग्रजी, आणि पाच जावांसारखी. घर एक, पण एका तोंडाने बोलतील तर शपथ!

ती फळी त्याच्या बायकोच्या ताब्यात. तिने पाचांना पाच रंगांची कव्हरं घातली होती. काळं सगळ्यात जुनं, फार मानपानाचं. निळं आटोपशीर. खाकी सगळ्यात साधं, शेजारणीने ओट्यावर बसून सांगावं तसं. उरलेली दोन अधलीमधली.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी घोटाळा झाला होता, तेव्हापासून ही फळी. कारागिराने एका म्हातारीच्या दगडावर ओळ कोरली, आणि तिचे मुलगे भांडत आले, "हे आमच्या आईच्या पुस्तकातलं नाही!" ओळ तीच, अर्थ तोच, पण शब्द दुसऱ्याच बायबलातले. दगड वाया गेला. कारागिराला इंग्रजी अक्षरं हातातून येत, तोंडातून येत नसत. बायको मिशनच्या इंग्रजी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. मग ठरलं, गिऱ्हाईक आलं की तिने पाचही पुस्तकांत ती जागा काढायची, वाचून दाखवायची, अर्थ सांगायचा, आणि निवडलेली ओळ कागदाच्या पट्टीवर अक्षरं मोजून उतरवायची. पट्टी दगडावर ठेवून कारागीर बघे, बसते की नाही.

चाळीस वर्षं तिने हे केलं. माणसं तिला पाठ झाली. बायबलातल्या मेंढपाळाच्या गाण्यातली दरी एका पुस्तकात मरणाच्या सावलीची, दुसऱ्यात नुसती काळोखी. ज्यांच्या घरी मरण नुकतं येऊन गेलेलं असे, ते काळोखीवर भागवत. स्वर्गातल्या बापाच्या घरात काळ्या पुस्तकात महाल आहेत, नव्यांत खोल्या. एकदा एक शिंपी आला होता.

"महालच घाला काकू," तो म्हणाला. "बाबा जन्मभर एका खोलीत राहिले. सहा माणसं आणि मशीन."

"आणि परवा ते बंगलेवाले आले होते, त्यांनी खोल्या मागितल्या," ती म्हणाली.

"त्यांना झाडलोटीचा कंटाळा आला असेल," शिंपी म्हणाला, आणि बाप मेलेला असूनही दोघं हसली.

दुसऱ्यांच्या मेलेल्यांसाठी तिने एवढी चिकित्सा केली, आणि स्वतःसाठी तिची एकच ओळ होती. दमलेल्यांना जवळ बोलावून विसावा देतो म्हणणारी. काळ्यात ती भारदस्त होती, निळ्यात नेटकी. खाकीत मात्र सरळ म्हटलं होतं, जड ओझी वाहून वाहून जे दमलेत त्यांनी यावं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा कुणीतरी आपल्याला नावाने हाक मारल्यासारखं तिला झालं होतं.

अडुसष्टाव्या वर्षी तिचं हृदय कुरकुरायला लागलं. डॉक्टर म्हणाले, जिने चढू नका. त्या दुपारी चहा देताना तिने नवऱ्याला सांगून टाकलं.

"अहो, माझ्या दगडावर ती ओझ्याची ओळ घाला. खाकीतली."

त्याने बशीत चहा ओतला. "निळ्यातली घेऊ. तेरा अक्षरं कमी."

"मला खाकीतली हवी."

"अगं, अर्थ तोच ना?"

"चाळीस वर्षं मी लोकांना हेच सांगत्येय का, की अर्थ तोच?"

"तू कुठे वाचायला येणारेस!" म्हणून तो स्वतःच हसला. पलीकडे त्याची विधवा धाकटी बहीण भाजी निवडत होती, तीही हसली. "वहिनी, मेल्यावर तरी दादाला सुखानं हातोडा मारू द्या."

तिने कप उचलले. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही उगीच नाही.

दुसऱ्या दिवशी खाकीतली ओळ पट्टीवर उतरवून ती पुलापलीकडच्या कारागिराकडे गेली. तिच्या नवऱ्याचं त्याच्याशी वीस वर्षांचं वाकडं. त्याच्याकडे अक्षरं कोरायचं मशीन होतं. त्याने खुर्ची पुसून दिली, पट्टी वाचली आणि डोकं खाजवलं.

"कोरून देतो काकू. पण अक्षरं बारीक होतील. तुमच्याकडे तर पाच पुस्तकं आहेत म्हणे. यापेक्षा आखूड नाही का एखाद्यात?"

ती पट्टी घेऊन परत आली. पुलावर दोनदा थांबावं लागलं.

बातमी तिच्या आधी घरी पोचली होती. कारागीर दारातच उभा, तोंड लाल.

"माझी बायको त्याच्या दगडाखाली झोपणार? उद्या तो चारचौघांत सांगत सुटेल, घरचंच माणूस माझ्याकडे आलं म्हणून! काढ ती पट्टी."

अकरा दिवस त्याने दुसरं काम घेतलं नाही. राखून ठेवलेला काळा दगड काढला. ओळ चार रांगांत मांडली, एकही अक्षर गाळलं नाही, कुठे दाटी केली नाही. असं काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. ती आत बसून छिन्नीचा आवाज ऐकत राहिली. आता हाक मारील, मग हाक मारील.

त्याने हाक मारली ती शेजारच्या सुताराला, समोरच्या लोहाराला. "बघा रे. होईल का हे त्याच्या मशीनने?" दगड उचलून त्यांनी दुकानाच्या दर्शनी भागात उभा केला. वर नावाची जागा कोरी ठेवली होती.

मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. इथे म्हैस जिवंत होती आणि दूध गिऱ्हाइकांना वाटलं जात होतं. येईल तो दगडासमोर थबके आणि म्हणे, "असंच पाहिजे." दोन महिन्यांत सात जणांनी तिची ओळ नेली. तिने तो दगड रोज सकाळी फडक्याने पुसला आणि साती पट्ट्या स्वतः लिहिल्या.

आठवी आली एक तरुण बाई, परिचारिकेच्या कपड्यांत, सरळ कामावरून. दगड वाचता वाचता तिचे डोळे भरले.

"हे कुणाचं आहे हो?"

"नमुना आहे, ताई, नमुना!" कारागीर आतून ओरडला.

"आमच्या आईला हेच घाला," बाई म्हणाली. "धुणीभांडी करायची ती. चार घरची."

कारागिराच्या म्हाताऱ्या बायकोने खाकी पुस्तकावर हात ठेवला. ते उघडलं मात्र नाही. निळं ओढून घेतलं.

"तुमचा दगड लहान आहे," ती म्हणाली. "यातली ओळ घ्या. तेरा अक्षरं कमी, अर्थ तोच."

"असं? चालेल की काकू. तुम्हाला जास्त कळतं."

म्हातारीने पेन्सिलीला टोक केलं आणि निळ्यातली ओळ पट्टीवर उतरवली. अक्षरं मोजली, पुन्हा एकदा मोजली. बाईने तिचे दोन्ही हात धरून आभार मानले, तेव्हा तिला वर बघवेना.